खिसेवालीला क्रियापद मिळालं

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. उजवा गुडघा दोन महिने वाकायला तयार नाही, त्यामुळे नमस्कार उभ्यानेच केला आहे, पण मनापासून केला आहे.) तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करते. मामीच्या पत्रावरून कळलं की नवे दात बसले, पण ते घालून इंग्रजी बोललं की शिट्टी वाजते, म्हणून तुम्ही ते फक्त मराठी बोलताना घालता. रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल शाईने सुधारून संपादकांना पाठवण्याचं तुमचं काम अजून चालू आहे, आणि इतक्या वर्षांत एकाही संपादकाने साधी पोच दिलेली नाही, हेही कळलं. वाईट वाटलं. तुमचा काळा कोट पोचला. तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेला होतात तेव्हा मामीने तो गुपचूप माझ्याकडे धुवायला पाठवला, त्याबद्दल तिला बोलू नका. लाँड्रीवाले खिसे नीट बघत नाहीत म्हणून तुम्ही तो आजवर कधी धुवायला दिला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण खिसे बघण्याच्या बाबतीत आता तुमच्या भाचीकडे बोट दाखवायची कुणाची छाती नाही. कोटाचं शेवटी लिहिते. आधी मोठी बातमी.

मामा, मी जिंकले. आणि तेही इंग्रजीत जिंकले. खुर्चीत बसला असाल तर बसूनच राहा, उभे असाल तर बसून घ्या.

माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली, चादरी दिल्या, भिंतीवरची तीन घड्याळं दिली (तिन्हीत वेगवेगळी वेळ). तुम्ही अकराशे पानांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश दिलात आणि पहिल्या पानावर लिहिलंत, 'प्रयत्न करीत राहणे. यशाची अपेक्षा नाही.' यांना वाटलं ते दोन्ही संसाराबद्दल आहे. मला मात्र बरोबर कळलं. त्याच्या आदल्या वर्षी मी अध्यापक विद्यालयाला अर्ज केला होता, आणि तिकडून 'या' नाही, 'येऊ नका' नाही, काहीच आलं नव्हतं. अर्ज तुम्हीच तपासला होतात, त्यात लाल शाईने सात चुका काढल्या होत्यात, मी तो तीनदा नव्याने लिहिला होता. मोठं पाकीट आहे, वजन करून तिकीट लावावं लागतं, ते तुला जमायचं नाही, म्हणून टपालात टाकायलाही तुम्हीच गेला होतात. दोन महिने वाट पाहून झाल्यावर तुम्ही चारचौघांत सांगितलंत, की ज्यांचं इंग्रजी कच्चं असतं त्यांना उत्तर द्यायचीसुद्धा पद्धत नसते. तुम्ही इंग्रजीचे मास्तर, तुम्हाला ठाऊक असणार. मी ते खरं धरलं आणि एकतीस वर्षं खरं धरून बसले. इंग्रजी शब्द समोर आला की आजही माझी मान आपोआप खाली जाते. आता पुढे वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, गेली बावीस वर्षं मी या लाँड्रीत खिसे बघते. (तुम्ही नातेवाइकांत सांगताना 'ती कपड्यांच्या कारखान्यात आहे' असं सांगता, तेही माहीत आहे.) कपडा काउंटरवरून आला की पाण्यात किंवा यंत्रात जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. टेबलाला कडेने बोटभर उंच पट्टी आहे, म्हणजे नाणं, बटण, अंगठी घरंगळून खाली जात नाही. आधी शर्टाचा खिसा, मग पँटचे पुढचे दोन, मागचे दोन, मग कोटाचे बाहेरचे, आतले, आणि तो चिमुकला खिसा ज्यात काय ठेवायचं हे शिंप्यालाही माहीत नसतं. आत हात घालताना बोटांची मागची बाजू आधी, कारण लोक खिशात सुया आणि दाढीची पाती ठेवतात. मग खिसा उलटा करून कोपऱ्यातला सुताधुळीचा भुरा काढायचा. सापडलेली वस्तू छोट्या पाकिटात घालून, नंबर लिहून कपड्याच्या चिठ्ठीला टाचायची. आजवर मला दाढ सापडली आहे, लग्नात करायचं भाषण सापडलं आहे, एका न्यायाधीशांच्या पँटीत गोट्या सापडल्या आहेत, आणि प्रेमपत्रं तर विचारू नका. (मी ती वाचत नाही. फक्त सुरुवात आणि सही बघते.) मी एकदाच आजारी पडले होते. त्या दिवशी कुणाच्या तरी खिशात एक निळं पेन राहिलं आणि बेचाळीस पांढरे शर्ट आकाशी होऊन बाहेर आले. तेव्हापासून मला सगळे खिसेवाली म्हणतात, आणि ते मानाने म्हणतात.

तर गेल्या महिन्यात लाँड्री नव्या मालकांनी घेतली. त्यांची कचेरी लांब कुठेतरी आहे आणि तिथे सगळा कारभार इंग्रजीत चालतो. त्यांचं पहिलंच फर्मान आलं, की प्रत्येकाच्या कामाचं इंग्रजीत एका वाक्यात वर्णन पाठवा, वाक्यात क्रियापद हवंच, आणि ज्या कामाचं वर्णन महिनाअखेरपर्यंत मंजूर होणार नाही ते काम बंद. धुणाऱ्याला क्रियापद होतं. इस्त्रीवाल्याला होतं. काउंटरवरच्या मुलीला तर दोन होती. पहारेकऱ्याला, जो दुपारभर झोपतो, त्यालासुद्धा भारदस्त क्रियापद मिळालं. मॅनेजरने तासभर डोकं खाजवलं आणि मला बोलावून अगदी डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या आवाजात सांगितलं, "बाई, तुमच्या कामाला इंग्रजीत क्रियापदच नाही." मामा, विचार करा. यांचं काम गेल्या वर्षी सुटलं, घर माझ्या बोटांवर चालतं, आणि ही बोटं जे करतात त्याला शब्द नाही म्हणून ती घरी बसवायची! मी म्हटलं, क्रियापद मी आणते. माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. मॅनेजरही माझ्या मागे कोणी उभं आहे का ते बघायला लागले.

घरी येऊन तुमचा शब्दकोश काढला. (यांच्या पलंगाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली होता. रागावू नका, त्याआधी ठेवलेल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा तो चांगला टिकला.) सर्च या शब्दापाशी लिहिलं होतं: शोधणे, धुंडाळणे, झडती घेणे; आणि पुढे 'पाहा' म्हणून सात शब्दांची यादी. त्यातल्या सीकपाशी गेले, तिथे पहिला अर्थ पुन्हा शोधणे. तिथून रमेज, तिथे शोधणे. रॅन्सॅक, शोधणे. फेरेट, शोधणे, आणि शेजारी मुंगसासारख्या लांबट जनावराचं चित्र. शब्दकोश लिहिणाऱ्याला बहुतेक घरी जायची घाई असावी. मराठीत आपण शोधतो, हुडकतो, धुंडाळतो, चाचपतो, चाळतो, उपसतो, पिंजून काढतो, पालथं घालतो, आणि यातलं कुठलं कधी हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. कपाट कोणी चाचपत नाही आणि खिसा कोणी पिंजून काढत नाही. मग इंग्रजांचेही हे आठ शब्द आठ वेगवेगळ्या कामांचे असणार, एकाच माणसाला आठ टोप्या कशाला लागतील, असा मी विचार केला. (हा विचार तुम्ही मला शाळेच्या सुट्टीत कधी शिकवला नव्हतात. तुम्ही समानार्थी म्हणून पाठ करायला लावायचात.)

त्याच वेळी आमच्या ह्यांचा चष्मा हरवला, आणि मला सगळे अर्थ घरबसल्या बघायला मिळाले. हे आधी टेबल, खिडकी, टीव्हीची बाजू असं शहाण्यासारखं बघत फिरले. तो सर्च. दहा मिनिटांनी खण उघडून मोजे, पावत्या, दोऱ्याची रिळं वरखाली करायला लागले. शब्दकोशात 'अस्ताव्यस्त करीत शोधणे' असं लिहिलेलं मी तेव्हाच वाचत होते, तो रमेज. मग गाद्या उचलल्या, उशांचे अभ्रे काढले, माझी शिवणाची पेटी जमिनीवर उलटी केली. तो रॅन्सॅक, कारण कंसात 'चोर, दरोडेखोर यांनी' असं स्पष्ट लिहिलं होतं. शेवटी दमून खुर्चीत बसले आणि छताकडे बघत म्हणाले की आपल्या आयुष्यात काहीच जागेवर नाही. तो सीक. सीक म्हणजे जे सापडण्याची फारशी आशा नसते, शांती वगैरे, त्याचा शोध. चष्मा शब्दकोशाखाली होता. मला तो तासाभरापूर्वीच दिसला होता, पण तेव्हा मी दुसऱ्या वाचनात एफपर्यंतच पोचले होते, आर आणि एस बाकी होते. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक यादी करून नेली. काउंटरवरची मुलगी कॉलेजात शिकते, तिला दाखवली. मला स्वतःला ग्रोप हा शब्द फार पसंत होता, कारण तिथे चाचपणे, हाताने अंदाज घेणे असं अगदी माझ्या कामासारखं लिहिलं होतं. मुलगी कानापर्यंत लाल झाली, त्या शब्दावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हा नको. का ते विचारू नका." मी विचारलं नाही. मॅनेजरने विचारलं, मग शब्दकोशात 'अंधारात' असं वाचून स्वतःच ठरवलं, की आपल्याकडे ट्यूबलाइट आहेत तेव्हा तो लागू नाही. स्काउरवर धुलाईवाल्या दादांनी हक्क सांगितला, कारण त्याचा एक अर्थ घासणे असाही निघाला आणि घासणं त्यांच्या खात्यात येतं. फ्रिस्क, म्हणजे अंगझडती, मीच खोडला होता. तो कपड्याच्या आत माणूस असताना करायचा असतो, आमच्याकडे कपडे रिकामे येतात.

आता खरा घोटाळा ऐका. मॅनेजरचं म्हणणं पडलं, की हे सगळे शब्द समानार्थी आहेत (अगदी तुमच्यासारखं), तेव्हा कुठलाही घेतला तरी चालेल, मग वजनदार घेऊ. मी परोपरीने सांगितलं की तो दरोडेखोरांचा आहे. ते म्हणाले, बाई, क्रियापदाला धंदा नसतो. आणि त्यांनी रॅन्सॅक लिहून वरच्या कचेरीला पाठवलं. एवढ्यावर थांबले तर ते मॅनेजर कसले? काउंटरच्या वर हातभर पाटी लावली, निळ्यावर पिवळी अक्षरं: 'वुई रॅन्सॅक एव्हरी पॉकेट विथ केअर'. पहिल्याच सकाळी एका गृहस्थांनी ती पाटी वाचली, काउंटरवर ठेवलेला कोट पुन्हा उचलला, लहान मूल धरावं तसा छातीशी धरला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत मागे मागे गेले. चार दिवसांत अकरा गठ्ठे परत गेले. दोन बायका तर न धुतलेलेच कपडे न्यायला आल्या. पाचव्या दिवशी वरच्या कचेरीचं पत्र आलं, की ही लाँड्री आहे का लुटारूंचा अड्डा, याची चौकशी करायला साहेब येत आहेत, आणि सदर बाईंचं काम तोवर थांबवावं. सदर बाई म्हणजे मी. माझं टेबल पुसून कोपऱ्यात उभं केलं. बावीस वर्षांत ते टेबल मी कधी उभं बघितलं नव्हतं.

साहेब आले. उंच, करड्या सुटातले, गंभीर. मॅनेजर पहिल्या मिनिटापासून खुलासे करत सुटले. साहेब मान डोलवत होते आणि मधूनच भलत्याच गोष्टीवर 'उत्तम' म्हणत होते. मॅनेजरने आवाज चढवला. साहेब पुन्हा 'उत्तम'. तासभर हे चाललं. मॅनेजरचा घसा बसला, शर्ट भिजला, आणि शेवटी त्यांनी मान वळवून काउंटरवरच्या मुलीला हळूच सांगितलं, की एवढा घसा फोडतोय, या खांबाला एक अक्षर कळलं असेल तर शपथ. ती बिचारी हसू दाबून कपाटात तोंड घालून उभी राहिली. तेवढ्यात साहेबांनी मला खुणेने बोलावलं. अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "या बाई नेमकं काय करतात ते मला बघायचंय. यात काही मिळणार नाही, खिसे मी स्वतः बघितलेत."

मामा, 'खिसे मी स्वतः बघितलेत' हे वाक्य ऐकलं की माझी बोटं शिवशिवायला लागतात. बावीस वर्षांत हे वाक्य बोलणाऱ्या एकाही माणसाचा खिसा रिकामा निघालेला नाही. मी टेबल आडवं केलं, कोट पसरला, बाहेरचे खिसे, आतला उजवा, चिमुकला. भुऱ्याखेरीज काही नाही. मॅनेजरने डोळे मिटून घेतले. मग आतला डावा. तळाच्या कोपऱ्यात माझी करंगळी शिवणीत शिरली. दोन टाके उसवलेले. तिथेच सामान्य माणूस थांबतो, पण खरं काम तिथे सुरू होतं. खिशाला भोक पडलं की वस्तू हरवत नाही, ती अस्तरात उतरते, आणि अस्तरातून सरकत सरकत खाली कोटाच्या कडेला जाऊन बसते. माणूस आयुष्यभर ती अंगावर घेऊन हिंडतो आणि जगभर शोधत बसतो. मी कोटाची खालची कड चिमटीत धरून मागून पुढे आले. पाठीच्या मधोमध चण्याएवढं काही लागलं. ते अस्तरातून हळूहळू वर चढवत आणलं, भोकातून बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. साहेबांचं कानातलं ऐकायचं यंत्र! तीन आठवडे ते हुडकत होते. घर, गाडी, कचेरी पालथी घातली होती, बायकोशी अबोला धरला होता (तिचं त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे अबोला तिच्या लक्षात आला नव्हता). त्यांनी ते पुसून कानात बसवलं आणि नेमकं त्याच क्षणी मॅनेजर मुलीला पुन्हा म्हणाले, की आता हा खांब काय म्हणतो बघू. साहेब शांतपणे म्हणाले, "खांबाला आता ऐकू येतंय." मॅनेजर पाणी आणायला म्हणून गेले ते अर्धा तास आले नाहीत. पहारेकऱ्याला जाग आली, एवढी शांतता झाली.

मग साहेबांनी मला समोर बसवून विचारलं की हे जे तुम्ही केलंत त्याला कुठलं क्रियापद द्यायचं. मामा, मी घाबरले नाही. मीच मला ओळखेना. मी एकेक शब्द घेतला आणि हा का नको ते सांगितलं. सर्च करणाऱ्याला काय हरवलंय ते माहीत असतं. मला माहीत नसतं, आणि ज्याचं हरवलंय त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. रमेज करणारा पसारा करतो, मी पसारा आवरते. रॅन्सॅक करणारा वस्तू नेतो, मी नंबर लावून परत देते. फेरेट जनावर आहे. सीक मोठ्या लोकांचं काम आहे. आणि एक शब्द असा आहे की तो का नको ते मला सांगितलेलं नाही, पण तो नकोच. साहेबांनी खिशातून पेन काढलं (ते गळत होतं, तेही मी दाखवून दिलं), कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "गो..." मी उठायलाच लागले. जा म्हणून सांगतायत असं वाटलं. पण त्यांनी पुढे जोडलं, "थ्रू. गो थ्रू."

गो म्हणजे जाणे. थ्रू म्हणजे आरपार. खिशात शिरायचं, शिवणीच्या शेवटापर्यंत जायचं आणि जे असेल ते घेऊन पलीकडे बाहेर यायचं. इंग्रज लोकही खिसे बघण्याला हेच म्हणतात, असं साहेबांनी सांगितलं, त्यांची स्वतःची आईही लहानपणी त्यांचे खिसे असेच बघायची. मामा, हे दोन्ही शब्द तुम्ही मला पहिल्या सुट्टीत, पहिल्याच आठवड्यात शिकवले होतेत. गो, वेंट, गॉन शंभर वेळा लिहून घेतलं होतंत. मी अकराशे पानं उलटली आणि मला हवं होतं ते चौथीपासून माझ्याकडेच होतं! साहेबांनी तिथल्या तिथे वाक्य लिहिलं, 'शी गोज थ्रू एव्हरी पॉकेट', खाली सही केली, आणि गोला ई आणि एस लावायचं ते मी बरोबर सांगितलं म्हणून माझ्याकडे बघून हसले. निळी पाटी उतरली. तिच्या जागी नवी लागली आहे. परत गेलेल्या अकरा गठ्ठ्यांपैकी नऊ परत आले आहेत. छातीशी कोट धरणारे ते गृहस्थही आले. त्यांच्या कोटात दोन वर्षांपूर्वीचं लग्नाचं आमंत्रण निघालं, ज्या लग्नाला ते विसरले होते आणि ज्यावरून त्यांच्या चुलतभावाचं अजून बोलणं नाही. आता सगळे मला दारात भेटायला येतात. आपला कोट द्यायचा आणि मी काढते काय ते बघत उभं राहायचं, हा गावातला नवा उद्योग झाला आहे. आणि मॅनेजर मला 'मॅडम' म्हणतात. घसा अजून बसलेला आहे, त्यामुळे हळू म्हणतात, पण म्हणतात.

तर असा तुमच्या भाचीचा विजय झाला. प्रयत्न करीत राहिले आणि यशाची अपेक्षा नसताना ते आलं. मामीला नमस्कार. तब्येतीला जपा, दात घाला, इंग्रजी बोलतानाही घाला, शिट्टी वाजली तर वाजू द्या.

तुमची भाची

ता. क. एक छोटंसं काम आहे, ते लिहायचं राहिलं. नव्या मालकांचा नियम असा, की ज्याच्या कामाचं वर्णन मंजूर झालं त्याला कामापुरतं इंग्रजी येतं, असा इंग्रजीच्या मास्तरांचा दाखला जोडायचा, आणि तो तीस तारखेच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर क्रियापद राहील आणि मी जाईन. दाखल्याचा मजकूर मीच इंग्रजीत लिहून सोबत ठेवला आहे. तुम्ही चाळीस वर्षांत कुणालाही असा दाखला दिलेला नाही, पोटच्या मुलालाही दिला नाहीत, हे मला माहीत आहे. मजकुरात चुका असतील. त्या लाल शाईने दुरुस्त करू नका. खाली फक्त सही करा.

ता. क. दुसरा. तुम्ही नाही म्हणण्याच्या आधी कोटाचं सांगते. आतला डावा खिसा फाटका आहे, अगदी साहेबांसारखाच, फक्त भोक पंजाभर. अस्तरात मिळालं ते असं: खडूचे नऊ तुकडे, लाल पेन्सिलीचं बोटभर टोक, निरनिराळ्या संपादकांच्या नावाची चार पाकिटं (त्यांनी उत्तर का दिलं नाही ते आता कळलं), आणि अगदी तळाला, पाठीच्या घडीत दुमडलेलं एक मोठं पाकीट. वर अध्यापक विद्यालयाचा पत्ता, माझ्या अक्षरात. तिकीट तुम्ही लावलेलं, सरळ, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी टेबलापाशीच स्टुलावर बसले आणि रडले. आधी राग आला, फार आला. मग डोळ्यांपुढे दिसलं, की त्या दिवशी तुमच्याकडे टाकायची सात-आठ पाकिटं होती, तुम्ही पेटीपाशी मूठभर काढून सगळी एकदम टाकलीत आणि घरी येऊन 'टाकलं' म्हणालात. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही फक्त खिशात शेवटपर्यंत हात घातला नाहीत. माझं इंग्रजी कच्चं होतं की नव्हतं, हे मामा, कुणीच कधी वाचून बघितलेलं नाही. मामीला मी यातलं काही कळवलेलं नाही. (अजून.)

ता. क. तिसरा. पाकीट मी फोडलं नाही. वर आजच्या दराची तिकिटं लावली आणि काल घरी जाताना स्वतः टपालात टाकलं. ते विद्यालय त्या पत्त्यावर आहे की नाही, मला माहीत नाही. वयात मी बसत नाही. पण माझा अर्ज आता गेलेला आहे, आणि 'नाही' म्हणायचं असेल तरी आता त्यांना ते लिहून कळवावं लागेल. काल रस्त्याने मी मान वर करून, सगळ्या दुकानांच्या इंग्रजी पाट्या वाचत घरी गेले.

ता. क. शेवटचा. खिसा शिवला आहे, दुहेरी टाके घातले आहेत. तरीपण सही केलेला दाखला टपालात टाकायला तुम्ही जाऊ नका. मामीच्या हातात द्या.